दीडपट वेगानं

मडकं आम्ही दोघांनीच भरलं होतं. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधेमधे बटाटे नि अंडी, परत शेंगा, आणि तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवलेला. पाण्याचा थेंब नाही. मामांनी मडकं पालथं घातलं, भोवती पेंढा नि काटक्या रचल्या आणि काडी लावली. जानेवारीतली रात्र, डोलवीत आमच्या घराच्या मागचं अंगण. कुंपणापलीकडे कारखान्याचा तांबूस उजेड आभाळाला चिकटलेला. तो इथे रात्रभर असतो; आम्हाला त्याची सवय आहे.

फोन खिशातून काढताना इअरफोनची पिन निसटली आणि अंगणात एक माणूस मोठ्यानं, भराभर बोलू लागला. गळा, दोरी, बंद खोली, शेजारणीनं ढकललेलं दार. मी घाईनं बंद केलं.

“कोण गेलं?” मामांनी विचारलं.

“कुणी नाही मामा. पुस्तक आहे. ऐकायचं पुस्तक. खऱ्या खुनांच्या तपासावरचं.”

“मग एवढ्या घाईत का बोलतोय तो?”

मी सांगितलं, वेग वाढवता येतो. मी दीडपट ठेवतो. चौदा तासांचं पुस्तक साधारण सव्वानऊ तासांत संपतं. मामांनी एक काटकी विस्तवात सरकवली.

“माणसं मेलीत त्यातली. आणि तू दीडपट वेगानं ऐकतोस.”

तिथून आमचं सुरू झालं ते मडकं काढेपर्यंत चाललं. मामा माझे सख्खे. धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावात ते चोवीस वर्षं पोलीस पाटील होते, २०१९ साली वयाची साठ भरली म्हणून उतरले. मी इथे कारखान्यात पाळीवर काम करतो. दोघांपैकी एकानं खून कानानं ऐकलेत आणि एकानं प्रेतं डोळ्यांनी पाहिलीत, हा फरक मला त्या रात्रीपर्यंत नीटसा जाणवला नव्हता.

“मला सांग, का ऐकतोस?”

“रात्रपाळी सुटते तेव्हा अंग दमलेलं असतं, पण डोकं शांत होत नाही मामा. भट्टीचा आवाज कानात तसाच राहतो. त्यात तपासाची गोष्ट लावली की मन एका धाग्याला लागतं. इथे ठसा सापडला, तिथे कुणी काहीतरी पाहिलं होतं, जुनी फाईल निघाली. गुंता होता तो सुटतो. आपल्या रोजच्या जगण्यात कुठला गुंता असा शेवटपर्यंत सुटलेला बघायला मिळतो?”

“आणि झोपतानाही ऐकतोस म्हणे. सूनबाई सांगत होती.”

“अर्ध्या तासाचा टायमर लावतो. आपोआप बंद होतं.”

“म्हणजे कुणाचा तरी गळा आवळला जात असताना तुला झोप लागते.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लागते, हे खरंच आहे. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आलं, मराठी पुस्तकं कानात आली, आणि माझ्यासारख्या कधी वाचनालयाची पायरी न चढलेल्या माणसाला पुस्तकांची गोडी लागली, ती या आवाजांमुळे. त्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. पण वाचताना डोळे थबकतात, पान मिटावंसं वाटतं. ऐकताना आवाज पुढे चालत राहतो आणि आपण त्याच्या मागोमाग. खुनाचं वर्णन आणि हवामानाचं वर्णन एकाच सुरात कानावरून जातं.

मी विषय बदलला. म्हटलं, तपास करणाऱ्यांबद्दल तरी तुम्हाला आदर असेलच. रामन राघवची गोष्ट घ्या. १९६८ साल. मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या माणसांना डोक्यात घाव घालून कुणीतरी मारतंय. गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी तपास हातात घेतात. सगळ्या शहरात शोध चालू असताना २७ ऑगस्टला डोंगरीत ॲलेक्स फियालो नावाचा उपनिरीक्षक रस्त्यावरच्या एका माणसाला नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतो. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळतात. “अख्ख्या मुंबईत एक चेहरा हेरणं, मामा! हे ऐकताना अंगावर काटा येतो.”

“माझे वडील तेव्हा लालबागला गिरणीत होते,” मामा म्हणाले. “मी नऊ वर्षांचा. गणपतीला गावी आले तेव्हा सांगायचे, चाळीतली माणसं आळीपाळीनं काठ्या घेऊन जागायची. गॅलरीत झोपायचं कुणी नाव काढीना. ते सगळं मला ठाऊक आहे. पण तू मला हे सांग, ६८च्या आधी काय झालं होतं?”

मला ते माहीत होतं. पुस्तकात होतं, ओझरतं. १९६५-६६मध्ये मध्य रेल्वेच्या रुळांलगतच्या झोपड्यांत असेच हल्ले झाले होते. एकोणीस जणांवर. त्यातले नऊ मेले. तेव्हाही हाच माणूस संशयावरून पकडला होता, पण पाहणारा साक्षीदार कुणी नाही म्हणून सुटला.

“नऊ माणसं,” मामा म्हणाले. “दोन वर्षं मधे गेली. नऊ माणसं मलबार हिलवर मेली असती तर दोन वर्षं गेली असती?”

“पण तो सापडतच नव्हता मामा. फार चलाख होता असं म्हणतात.”

“चलाख?” मामांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “अरे, फूटपाथवर आणि झोपडीत झोपलेल्याला मारायला चलाखी कशाला लागते? ज्याच्या दाराला कडी नाही, त्याला मारलं त्यानं. आणि तो स्वतः कोण होता? डोकं फिरलेला माणूस.”

तेही खरं. १९६९ साली फाशी सुनावली गेली, पण उच्च न्यायालयानं तीन मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करवली, तेव्हा तो बरा न होणारा मनोरुग्ण ठरला. शेवटी १९८७ साली जन्मठेप झाली आणि १९९५मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या आजारानं मेला. ही त्याची गोष्ट मला तोंडपाठ होती. कबुली देण्याआधी त्यानं कोंबडीचं जेवण मागितलं, मग केसांना तेल, कंगवा, आरसा मागितला, हेही पाठ होतं. ज्यांना त्यानं मारलं त्यांतल्या एकाचंही नाव मला सांगता आलं नाही.

मामांनी मडक्यावर हातानं पाणी शिंपडलं. थेंब रेंगाळत खाली ओघळले. अजून व्हायचं होतं.

मी हट्टाला पेटलो होतो. म्हटलं, तुम्ही म्हणता तसं दर वेळी नसतं. पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण घ्या. ते काही झोपडीतले नव्हते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून. करणारे कोण, तर अभिनव कला महाविद्यालयातली चित्रकला शिकणारी पोरं. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह. संध्याकाळ झाली की पुण्यात दारं बंद व्हायची. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात फाशी झाली. “हे मी तीनदा ऐकलंय,” मी म्हणालो, आणि म्हणताना मला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

“तीनदा? मग अभ्यंकर कोण होते ते सांग.”

“म्हातारे गृहस्थ होते. भांडारकर रस्त्यावर बंगला…”

“करत काय होते?”

मला येईना. मी फोनवर शोधलं, आणि विस्तवाच्या उजेडात वाचत गेलो तसतसा माझा आवाज बारीक होत गेला. काशिनाथशास्त्री अभ्यंकर. संस्कृत व्याकरणाचे गाढे पंडित. संस्कृत व्याकरणातल्या संज्ञांचा त्यांनी रचलेला इंग्रजी कोश १९६१ साली बडोद्याहून निघाला आणि अभ्यासक तो अजून वापरतात. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं. ऐंशी ओलांडलेला हा माणूस १ डिसेंबर १९७६च्या रात्री घरातल्या चौघांसह मारला गेला. मी तीन वेळा ते पुस्तक ऐकलं होतं. नायलॉनची दोरी कशी बांधली हे मला ठाऊक होतं. त्या घरात पाणिनी शिकवला जायचा हे ठाऊक नव्हतं.

मला तेव्हा फार वाईट वाटलं. मामांनी ते पाहिलं असावं, कारण ते जरा मवाळले.

“तुझा दोष नाही. गोष्ट सांगणारा ज्याच्याकडे बोट दाखवील तिकडे आपण बघतो.”

पण लगेच त्यांनी दुसरा मुद्दा काढला, आणि हा मला अजिबात अपेक्षित नव्हता. “भीतीचं काय करतोस? ऐकून ऐकून जी भीती साठते ती?”

मी म्हटलं, भीती कामाची असते. मुलगी नव्या मुंबईला वसतिगृहात आहे. मी जे ऐकतो त्यातलं तिला सांगतो. अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नको, रात्री रिक्षाचा नंबर पाठव, लोकेशन चालू ठेव. सावध झालेलं वाईट?

“२०१८ साल आठवतं? मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणून मोबाइलवर रोज नवं काहीतरी यायचं. मी पाटील होतो तेव्हा. आपल्या गावात भांडी विकणारी दोन माणसं आली आणि पोरांनी त्यांना देवळापाशी घेरलं. मी मधे उभा राहिलो, माझ्या खांद्याला लागलं, पण ती दोघं एसटीत बसून गेली. त्याच दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागणारे नाथपंथी डवरी गोसावी. त्यांचा गुन्हा काय, तर अनोळखी होते. तू पोरीला सांगतोस ना अनोळखी माणसापासून सावध राहा? तो अनोळखी माणूस नेहमी गरीबच निघतो बघ.”

“पण मुलं पळवणारे खरेही असतात मामा. कोल्हापूरचं गावित प्रकरण?”

“असतात. आणि ती माणसं कोणाची मुलं उचलत होती?”

पुन्हा तेच. १९९६च्या नोव्हेंबरात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली पकडल्या गेल्या, तेव्हा तेरा मुलांचं अपहरण आणि नऊ खून असे आरोप होते. १९९०पासून सहा वर्षं हे चालू होतं. मुलं उचलली ती देवळांतून, बसस्टँडवरून, गर्दीतून, बरीचशी अगदी गरिबांची. पुढे वाई तालुक्यातलं धोम. २०१६च्या ऑगस्टमध्ये तिथे पुरलेले मृतदेह निघाले, आणि त्यांतल्या बेपत्ता माणसांच्या नोंदी मागे २००३पर्यंत गेल्या. तेरा वर्षं एकेक नाव निरनिराळ्या रजिस्टरात ‘बेपत्ता’ म्हणून पडून होतं. शेवटी गाजलं ते एक अंगणवाडी सेविका नाहीशी झाली तेव्हा. ती संघटनेतली बाई होती. तिच्यामागे विचारणारी माणसं होती.

मी ही सगळी प्रकरणं ऐकलेली होती. प्रत्येकात निवेदकाचा एकच प्रश्न असतो: तो इतकी वर्षं कसा निसटला? त्या रात्री विस्तवापाशी बसून मला पहिल्यांदा वाटलं की प्रश्न उलटा विचारायला हवा. इतकी वर्षं मेलेल्यांना कुणी का शोधलं नाही? खुनांची मालिका लांबते ती बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या बुद्धीमुळे लांबत नाही. गेलेली माणसं कुणाच्या मोजणीतच नसतात, म्हणून ती लांबते. आणि पुस्तकं मारणाऱ्याला बुद्धिमान करून टाकतात, कारण नाहीतर चौदा तास ऐकणार कोण?

हे मी मामांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “मग सोड ना ते ऐकणं.”

“नाही मामा. इथे मला तुमचं पटत नाही.”

आणि मी गागोद्याचं काढलं. पेण तालुक्यातला माणूस हे नाव दोन कारणांनी जाणतो. विनोबांचा जन्म तिथला, १८९५चा. आणि २०१२च्या मे महिन्यात तिथल्या रानात एक जळालेला देह सापडला. तो प्रथम दिसला जवळच्याच गावच्या पोलीस पाटलाला, आणि पेणच्या पोलिसांना त्यानंच कळवलं. नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले, उरलेलं तिथेच पुरलं. खुनाचा गुन्हा तेव्हा दाखल झाला नाही. तीन वर्षं तो देह कुणाचाच नव्हता. २०१५च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अटका झाल्या, गागोद्याच्या त्या वाटेवर देशभरच्या वाहिन्यांच्या गाड्या लागल्या, पुन्हा खोदून अवशेष काढले, आणि तपास यंत्रणांनी सांगितलं की ही शीना बोरा. पुढे मुंबईच्या विशेष न्यायालयात खटला उभा राहिला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. मला त्यातल्या आरोपींबद्दल काही म्हणायचं नाही.

“पण मामा, तीन वर्षं ती ‘अनोळखी मयत’ होती. तपास झाला म्हणून तिला नाव परत मिळालं. गाजावाजा झाला तो बराचसा घाणेरडा होता, मान्य. तरी त्याआधीच्या शांततेपेक्षा तो बरा की नाही? कुणीच बोललं नसतं, कुणीच ऐकलं नसतं, तर ती अजून त्या रानात निनावी पडलेली असती.”

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गाड्या लागल्या तेव्हा त्या पाटलाचं मला फार वाटलं होतं. त्यानं आपलं काम केलं होतं.”

मी संधी साधून त्यांना एका पुस्तकाबद्दल सांगितलं. हॅली रुबेनहोल्ड नावाच्या बाईंचं ‘द फाइव्ह’, २०१९चं. लंडनमध्ये १८८८ साली ‘जॅक द रिपर’नं मारलेल्या पाच बायकांवरचं. तो रिपर कोण यावर शंभर वर्षं पुस्तकं निघतायत. या बाईंनी त्याला जवळपास बाजूला ठेवला. खून कसे झाले ते सांगतच नाहीत. त्या पाच जणी कुठे जन्मल्या, लग्नं कशी मोडली, मुलं कशी गेली, दारू कशी लागली, रात्रीच्या निवाऱ्याला पैसे का उरले नाहीत, एवढंच. “ते ऐकताना मी वेग एकपटच ठेवला होता,” मी म्हणालो. “ठरवून नाही. आपोआप.”

“मराठीत आहे असं काही?”

“अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही.”

मामांनी पुन्हा पाणी शिंपडलं. या वेळी चर्रकन आवाज झाला आणि थेंब जागच्या जागी उडाले. आम्ही दोघांनी मिळून राख बाजूला केली, मडकं गोणपाटात धरून काढलं. पाल्याचा नि ओव्याचा वास अंगणभर सुटला. शेंगा परातीत ओतल्या तरी मामांनी हात लावला नाही. त्यांनी माझ्या फोनकडे पाहिलं.

“तो बंद आहे ना?”

“बंद आहे.”

“मग एक ऐक. मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मामीला थोडं ठाऊक आहे.”

आणि ते सांगू लागले. पाटीलकी मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. श्रावणातली उधाणाची भरती उतरली आणि बांधाच्या उघाडीपाशी एक प्रेत अडकलं. कोळणी ओरडत आल्या. मामा गेले, दोघा पोरांच्या मदतीनं ते चिखलातून ओढून बांधावर घेतलं. एक माणूस सायकलवर वडखळला पाठवला. पाऊस एवढा की संध्याकाळपर्यंत कुणी येऊ शकलं नाही, आणि अंधार पडल्यावर सकाळी येतो असा निरोप आला. प्रेताला हलवायचं नाही आणि एकटंही सोडायचं नाही. कोल्हे, कुत्री, खेकडे. मामा कंदील घेऊन रात्रभर बांधावर बसले. मामीनं घरातली एकुलती नवी चादर पाठवली, ती त्याच्या अंगावर टाकली. दोनदा वाऱ्यानं उडाली, तेव्हा चार कोपऱ्यांवर दगड ठेवले.

“भीती वाटली?”

“पहिला एक तास. मग नाही. मग मी त्याच्याशी बोलत होतो.”

“काय?”

“काही नाही रे. सकाळ होईल, माणसं येतील, असंच.”

सकाळी पंचनामा झाला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. डोक्याला मागून जखम होती. ती बार्जवर आपटून झालेली की कुणी केलेली, हे ठरलं नाही. कुणी ओळखायला आलं नाही. चार दिवसांनी बेवारस म्हणून त्याला मूठमाती दिली. पुढे मामा पेणला कामानिमित्त जात तेव्हा विचारून येत, काही कळलं का. वर्षभरानं त्यांनी विचारणं सोडलं.

मामा हे इतकं सावकाश सांगत होते की मधल्या थांब्यांत कारखान्याची घरघर ऐकू येत होती. मी एकदाही मधे बोललो नाही. त्यांनी वर्दीत काय लिहिलं होतं ते त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होतं, पंचवीस वर्षांनी. पुरुष, वय अंदाजे तीस. उंची साडेपाच फूट. अंगात निळा सदरा, वरचं बटण वेगळ्या रंगाचं, पांढरं, हातानं शिवलेलं.

“कुणीतरी शिवून दिलं होतं,” मामा म्हणाले.

शेंगा निवत चालल्या होत्या. मी एक सोलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

“आणि उजव्या मनगटावर गोंदलेलं होतं. कातडी फुगली होती, निघाली होती. पहिलं अक्षर ‘सु’. कंदील अगदी जवळ नेऊन बघितलं, पुढचं लागलं नाही. सुरेश असेल, सुभाष असेल, सुधाकर असेल. मी वर्दीत ‘सु’ एवढंच लिहिलं.”